‘पळून गेली’ असा शेरा मारण्याआधी

गेल्या अंकात उपासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यावी की नाही यावर मी चार ओळी लिहिल्या, आणि पत्रांचा ढीग आला. गंमत म्हणजे गोळीबद्दल कुणी फारसं विचारलंच नाही. बहुतेकांचं म्हणणं एकच: आमच्यात असं चालतं, तसं चालत नाही, मग डॉक्टर आमच्यावर खेकसतात का? त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. उत्तरं लहानमोठी झाली आहेत, त्याला इलाज नाही.

मॅडम, मी बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत) मेळघाटात वैद्यकीय अधिकारी आहे. आठ महिने झाले. बायका बाळंतपणाला येत नाहीत, आणल्या तर रात्रीतून निघून जातात. परवा एका तान्ह्या बाळाच्या पोटावर डंब्याचे चटके बघितले. आईला विचारलं तर नुसती बघत राहिली. आम्ही इथे जीव तोडून काम करतो आणि यांची अंधश्रद्धा काही जात नाही. तुम्हीही तिकडे होतात असं ऐकलं. हे कधी बदलतं का?

अरे डॉक्टर, (माझ्या मुलापेक्षा लहान आहेस म्हणून अरेतुरे करते) तुझं पत्र वाचून मला माझाच राग आला. १९८८ साली मी असंच पत्र घरी लिहिलं होतं. पुण्यात वाढलेली मुलगी, मेळघाट शब्द नकाशातून माहीत. ऑगस्टात एक कोरकू आदिवासी बाई तीन आठवड्यांचं बाळ घेऊन आली. बाळाच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत जात होत्या आणि पोटावर पाच चटके, तापवलेल्या विळ्याचे. पोट फुगलं की डंबा देतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, “मारायचंय का पोराला?” तीही तुझ्या त्या आईसारखीच बघत राहिली. इंजेक्शन सुरू केलं. सकाळी खाट रिकामी. सिस्टरने रजिस्टरात शेरा मारला: पळून गेली.

पंधरा दिवसांनी लसीकरणाला त्यांच्या गावात गेले. बाळ गेलं होतं. दारात तिची सासू बसली होती. आमच्या शिपायाला कोरकू येत असे, त्याच्यामार्फत ती बोलली आणि मी ऐकत गेले. बाळाला धाप लागली त्या दिवशी सासूसुना सहा मैल चालत उपकेंद्रावर आल्या होत्या. कुलूप होतं, नर्सबाई मीटिंगला गेलेल्या. परत गेल्या. रात्री भूमका, म्हणजे त्यांचा वैदू-मांत्रिक, आला, तो गावातलाच. तासभर बसला, बाळाला हातात घेतलं, विचारपूस केली, मग डंबा दिला. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या. आम्ही सासूला बाहेर काढलं, ‘नातेवाइकांनी थांबू नये’ म्हणून. ओल्या बाळंतिणीला थंडगार फरशीचा वॉर्ड, शेक नाही, शेकोटी नाही. घरी दोन पोरं शेजारणीच्या जिवावर. “आणि ती बाई ओरडली,” सासू म्हणाली. ‘ती बाई’ समोरच बसली आहे हे तिला माहीत होतं की नाही, मी अजून विचार करते.

आता यात अंधश्रद्धा कितवी येते ते तूच मोज. मी डंब्याची वकिली करत नाहीये. भाजलेली कातडी पिकते आणि लाखमोलाचे दोन दिवस वाया जातात. पण त्या बाळाच्या वाटेत आधी कुलूप आलं, मग अंतर, मग माझी जीभ. डंबा मधे कुठेतरी आला. आपण मात्र केसपेपरवर तेवढाच लिहितो, कारण तो पोटावर दिसतो. कुलूप कुठे दिसतं?

त्यानंतर मी फार मोठं काही केलं नाही. वॉर्डाच्या एका कोपऱ्यात शेगडी ठेवली. सासूला आत घेतलं. बाळंतपणाच्या खोलीत खाटेशेजारी चटई टाकली, कारण खाटेवर उताणं झोपून कळा द्यायला या बायका तयार नसत. त्यांना उकिडवं बसायचं असे. सिस्टर म्हणाल्या, वरून कोणी तपासायला आलं तर? मी म्हटलं, चटईवर नाव माझं लिहा. पुढे २०१६ साली केंद्र सरकारनेच बाळंतिणीसोबत एक बाईमाणूस राहू द्यायला सांगितलं, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की कळा देताना कसं बसायचं ते बाईला ठरवू द्या. म्हणजे सासू आणि चटई, दोघीही आता सरकारमान्य आहेत.

भूमक्याकडेही गेले. त्याच्या अंगणात बसले. तो आधी काहीच बोलला नाही. मग विचारलं, “तू माझ्याकडचे रोगी मागतेस. तुझ्याकडचे मला देशील?” मला हसू आलं, आणि मग आलं नाही. आमचं ठरलं: मंत्र त्याचे, अंगारा त्याचा, विळा मात्र चुलीपासून लांब, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला की बाळ माझ्याकडे. साठ कसे मोजायचे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं साधन केलं होतं, ते नंतर मला कळलं. तेव्हा मी त्याला फक्त डोळ्यांनी ‘भरभर’ म्हणजे काय ते दाखवलं. त्याची नजर माझ्यापेक्षा तयार निघाली. वर्षभरात त्याने चार बाळं पाठवली. दोन दगावली, दोन जगली. नंतरच्या काळात मेळघाटात भूमक्यांना शिकवून, रोगी पाठवल्याबद्दल मानधन देण्याचे प्रयत्नही झाले.

गडचिरोलीचा उल्लेख आलाच आहे तर दोन गोष्टी. सर्चने दवाखाना बांधताना आधी गोंड लोकांना विचारलं की तो कसा हवा. त्यांना मोठी पांढरी इमारत नको होती, झोपड्यांचा पाडा हवा होता. तसाच बांधला आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. दुसरी गोष्ट आकड्यांची: ३९ गावांत गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं, त्या घरी जाऊन नवजात बाळ बघत. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बघते, त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे बदलतं. पण आधी कोण बदललं ते बघ.

तुझ्या केंद्रात माहेरघर आहे का? असलं तर ते उघडं आहे का, की त्यात जुनी कपाटं ठेवली आहेत? दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधी येऊन राहता यावं, सोबत माणूस आणि लहान पोर आणता यावं, यासाठीच ते आहे. आणि शिबिराची तारीख ठरवताना बाजाराचा दिवस बघ, होळी बघ. होळीच्या आठवड्यात कोरकू माणूस लसीला येणार नाही. मीही दिवाळीच्या पहाटे आले नसते. कोरकू शिकायला लाग. ती मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा आहे. कानावर पडून आपोआप येणार नाही, शिकावीच लागेल. मला दोन वर्षांत जेमतेम साठ-सत्तर शब्द आले. तेवढ्यावर बरंच निभलं.

डॉक्टरताई, सलाम. आम्ही रत्नागिरीकडचे, आता मुंब्र्याला राहतो. अब्बांना बारा वर्षं साखर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात रोजे धरायचे नाहीत, विषय संपला. अब्बा ऐकत नाहीत. रमजानभर ते डॉक्टरांकडे जातच नाहीत आणि गोळ्या स्वतःच्या मनाने घेतात. काय करू?

‘विषय संपला’ म्हटलं की विषय संपत नाही, फक्त दवाखान्याबाहेर जातो. तुमच्या अब्बांचं तेच झालं आहे. महिनाभर ते डॉक्टरविना आहेत, आणि नेमक्या त्याच महिन्यात डॉक्टर हवा.

आधी एक विचारते. साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर तीनशेवर नेणाऱ्या आमच्या एकादशीवाल्या काकांना ‘उपास सोडा, विषय संपला’ असं कोणी दरडावतं का? हरतालिकेला पाणी न पिणाऱ्या बाईला आपण कौतुकाने ‘निष्ठा’ म्हणतो. रोजेदार माणूस मात्र ‘हट्टी पेशंट’. हे माझ्याही तोंडून झालं आहे, म्हणून लिहिते.

आता कामाचं. रमजानच्या महिना-दीड महिना आधी अब्बांना घेऊन जा आणि ‘धरू का?’ असं न विचारता ‘धरणार असतील तर गोळ्या कशा बसवायच्या?’ असं विचारा. काही गोळ्या साखर जोरात खाली आणतात. सकाळचा मोठा डोस दिवसभर उपाशी पोटावर पडला तर घात होतो, म्हणून तो बहुधा इफ्तारकडे न्यावा लागतो, कधी कमीही करावा लागतो. ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही नाही आणि मीही नाही. बोटातून रक्त घेऊन साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात; तुमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारून अब्बांच्या समोर एकदा खात्री करून घ्या, म्हणजे वाद राहणार नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, घाम फुटला, हात कापू लागले, बोलणं अडखळलं, तर रोजा तिथेच सोडायचा. मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजाला) दहा मिनिटं उरली असली तरी. आजाऱ्याला सवलत कुराणातच आहे, ती डॉक्टरांनी दिलेली नाही, हे अब्बांना मौलवीसाहेबांकडून ऐकू दे. माझ्याकडून ऐकण्यात आणि त्यांच्याकडून ऐकण्यात फरक पडतो, आणि पडावाच.

सेहरी शेवटच्या वेळेला करायची, टाळायची तर नाहीच. इफ्तारला खजूर एक, फार तर दोन; भजी-सामोशांचं ताट पोरांसाठी ठेवा. एक मात्र स्पष्ट सांगते: किडनी अधू असेल, गेल्या काही महिन्यांत साखर उतरून बेशुद्ध पडले असतील, किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह असेल, तर मीही ‘धरू नका’ म्हणेन. पण तेव्हा शेजारी बसून कारण सांगेन.

मी मूळची साताऱ्याची, आता लेस्टरला असते. पाचवा महिना चालू आहे. वजन बेताचंच आहे, घरी कुणाला साखर नाही. तरी मिडवाइफने साखरेची चाचणी लिहून दिली, कारण विचारलं तर म्हणाली तुम्ही ‘एशियन’ म्हणून. बाजूच्या खुर्चीवरच्या गोऱ्या बाईला नाही, मला आहे. हा भेदभाव नाही का?

ती चाचणी करून घे. चिडणं समजू शकते, पण ही चाचणी तुझ्या भल्याची आहे, आणि तिच्यामागे पुण्याचाही हात आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि बाळांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं: स्नायू बारीक, पोट बारीक, चरबी मात्र राखलेली. म्हणजे जन्मतःच ‘बारीक-जाडं’. याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांच्यात २१.२! तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नकोस. आपल्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं, काटा काही म्हणो. इंग्लंडमध्ये २४ ते २८ आठवड्यांत ही चाचणी दक्षिण आशियाई बायकांना देतात ती याचसाठी.

तरी तुझा प्रश्न चुकीचा नाही. वंशाचं लेबल कधी उलटंही बसतं. अमेरिकेत किडनीचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळा गुणक होता. त्याने त्यांची किडनी कागदावर बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तो काढला. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काळ्या कातडीवर आकडा थोडा चढवून दाखवतं, हे करोनाच्या साथीत सगळ्यांना कळलं. तेव्हा ‘एशियन म्हणून’ असं कोणी म्हटलं की एवढंच विचार: म्हणून काय जास्त करणार आहात?

सासूबाई बाळंतपणाला येणार आहेत असं तू शेवटी लिहिलं आहेस. त्यांना इंग्रजी येत नसेल तर जीपीकडे (तिथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) दुभाषी माग, फुकट मिळतो. दुभाष्याचं काम त्यांच्या मुलाला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, देऊ नकोस. साठीची मराठी बाई मुलासमोर लघवीची तक्रार सांगणार नाही. ती ‘मी बरी आहे’ एवढंच म्हणेल आणि तो त्याचं इंग्रजी करेल.

मी चंद्रपूरची, वय २४, बौद्ध. रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल ‘एएस’ निघालं. आई म्हणते कुणाला सांगू नकोस, लग्न मोडेल. एका पाहुण्याने तर हा ‘खालच्या लोकांचा’ रोग आहे म्हटलं. मला काही त्रास नाही. मी काय करू?

त्या पाहुण्याला चहा दिला असशील तर वाया गेला.

तू आजारी नाहीस. सिकलसेलच्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तुझ्याकडे एक जनुक सिकलचं आणि एक नेहमीचं आहे. तू वाहक आहेस. नवरा ‘एए’ (दोन्ही जनुकं नेहमीची) असेल तर तुमच्या एकाही मुलाला हा आजार होणार नाही, फार तर तुझ्यासारखं वाहक होईल. नवराही ‘एएस’ असेल तर दर गरोदरपणात चारात एक वाटा आजारी मूल होण्याचा. म्हणून लपवायचं नाही. मुलाला तपासून घ्यायला सांगायचं. पत्रिका मागतात तेव्हा आपण देतो ना? हा कागद तिच्याहून कामाचा. दोघंही वाहक असाल आणि तरीही लग्न करायचंच असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी होते. तालुक्याला नाही, पण नागपूरसारख्या ठिकाणी चौकशी करा.

आता ‘खालच्या लोकांचं’. हे जनुक टिकलं कारण जिथे हिवताप होता तिथे ते एकेरी असलेली मुलं जास्त जगली. तुझ्या पूर्वजांना त्याने वाचवलं आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही ते आहे. भारतात १९५२ साली प्रथम निलगिरीतल्या आदिवासींत सापडलं. आणि ज्याची त्याची शिदोरी ज्याच्या त्याच्या रक्तात असते: सिंधी-पंजाबी घरांत थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार बघतात, पारशांत जी-सिक्स-पीडी या रक्तपेशी जपणाऱ्या द्रव्याची कमतरता, ज्यात हिवतापाची एक गोळी जपून द्यावी लागते. त्यांना कोणी खालचे म्हणत नाही.

मला सलतं ते वेगळंच. सिकलसेल हा ‘आदिवासींचा आजार’ असं डोक्यात बसल्यामुळे विदर्भातल्या बौद्ध आणि इतर वस्त्यांतल्या पोरांचं निदान उशिरा होतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही मुख्यतः आदिवासी भागांवर आहे. बदलीवर असताना मी एका रुग्णालयात ‘एसएस’, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची, असलेली एक अकरावीची मुलगी बघितली. हाडं दुखून ती पायाची बोटं गादीत रुतवायची, आणि ड्यूटीवरचा माणूस म्हणत होता, “परीक्षा आली की ही येतेच, नाटकं आहेत.” परीक्षेच्या दिवसांत पाणी कमी, झोप कमी, ताण जास्त, कळ तेव्हाच उठते. तिच्या वहीत तिने कळांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या, बारीक अक्षरात, दोन वर्षांच्या. ती वही कोणी मागितलीच नव्हती.

ताई, मी बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाते. २७ वय, दोन लेकरं, ऑपरेशन झालेलं. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखती. डॉक्टरनं सोनोग्राफी केली, म्हणला पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाक. आमच्यातल्या लई जणींनी काढली. मुकादमाकडून उचल घेऊन करावं का?

नको. आधी हे उत्तर पूर्ण वाचून घे, नाहीतर कुणाकडून वाचून घे.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतूंमुळे असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. कधी कधी नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीवर सांगता येत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी असते, पाच मिनिटांची. जिल्हा रुग्णालयात जा, सोनोग्राफीचा कागद सोबत ने आणि ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी करा’ असं म्हण. २०१९ मध्ये या प्रकरणाची बोंब झाली तेव्हापासून बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, असा आदेश निघालेला आहे. तुझ्या डॉक्टरला विचार, परवानगी कुठाय.

तेव्हाच्या समितीने बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती. शहरातली माणसं म्हणतात, अडाणीपणा. मला त्यात हिशेब दिसतो. कोयत्याला जोडी लागते, म्हणजे नवरा-बायको दोघं. पाळीत एक दिवस घरी बसलं की खाडा, खाड्याचे पाचशे कापतात. कोपीला (झोपडीला) संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, कापड धुवायला पाणी नाही. पहाटे मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं. मग ‘पाळीची कटकटच नको’ असं तुला वाटलं तर तुझी अक्कल गहाण पडलेली नाही. पण पिशवी, आणि तिच्यासोबत बीजकोश गेले की तिशीत हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि मोळी तेवढीच जड राहते. वर उचल फिटेपर्यंत पुढचे हंगाम बांधलेले. ज्या जणींनी काढली त्यांना विचार, कंबर थांबली का. मी विचारलं आहे.

मी निवृत्त शिक्षक, संगमनेर तालुका. आमच्या ग्रामीण रुग्णालयात दक्षिणेकडची एक तरुण डॉक्टर आली आहे. मुलगी गुणी, मराठी शिकते आहे. पण म्हाताऱ्या माणसांचं बोलणं तिला समजत नाही. परवा एकजण म्हणाला, ‘उन्हाळी लागली’, तिने ऊन लागलं समजून मीठ-साखरेचं पाणी दिलं!

गुरुजी, तिला हसू नका. उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ हे पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांनाही आता ठाऊक नाही. आणि पाणी भरपूर पाजलं हे वाईट केलं नाही. लघवी मात्र तपासायला सांगा.

तिला एक वही करून द्या. पहिल्या पानावर हे दोन लिहा, कारण यात जीव जातो: ‘अंगावरून जातंय’ म्हणजे बाईला रक्तस्राव किंवा पांढरं, आणि ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा. एक शब्द इकडेतिकडे झाला की बाई चुकीच्या वॉर्डात. मग उसण भरणे, घेरी येणे, कणकण आणि कसर (दोन्ही तापच, पण थर्मामीटरवर न दिसणारा), जीव घाबरा होणे. हे शेवटचं फार फसवं आहे. त्यात हृदय असतं, दमा असतो, आणि सुनेशी झालेलं भांडणही. ‘दिवस गेलेत’ म्हटल्यावर ‘किती दिवस?’ असं एका डॉक्टरने विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. ‘गरमी’ जुन्या माणसाच्या तोंडी आली तर पंखा लावू नका म्हणावं, दार लावून नीट विचारा. पूर्वी गुप्तरोगाला तो शब्द होता.

वाचकांनीही आपापल्याकडचे असे शब्द पाठवावेत, वही वाढवू आणि तिच्याकडे पोचवू. एका पोस्टकार्डावर मावतील तेवढेच, आणि शब्द कुठल्या तालुक्यात बोलतात तेही लिहा. खानदेशातून अजून एकही आलेला नाही.